चाकाखालची पाचर

रात्रीचे अकरा वाजून गेलेत, तरी दादरच्या मध्य रेल्वेच्या फलाटावर पाय ठेवायला जागा नाही. गणपतीला चार दिवस उरलेत. लालबाग, परळ, करी रोड, गिरगाव इथल्या चाळींमधलं अर्धं कोकण आज इथे पथारी टाकून बसलंय. कुणाच्या मांडीवर पुठ्ठ्याचं मखर आहे, कुणाच्या खांद्यावर चादरीत गुंडाळलेला मृदंग. पाऊस छपरावर तडतडतोय आणि फलाटाच्या कडेने पागोळ्या थेट रुळांवर पडतायत. गणपती स्पेशल समोर उभी आहे, पण दारं अजून उघडलेली नाहीत.

आत्या पिशव्यांच्या ढिगावर बसूनच मान उंचावते.

"इंजिन खंय आसा रे?"

इंजिन नाहीच. ज्या इंजिनाने यार्डातून डबे आणले ते सुटून पुढे निघून गेलंय आणि कोकणात नेणारं इंजिन अजून यायचंय. मधल्या या वेळात वीसेक डब्यांची गाडी फलाटाला लागून एकटी उभी आहे.

"एकटी नाही," आमच्या चाळीतले नाना म्हणतात. "चल, दाखवतो."

नानांनी लोअर परळच्या वर्कशॉपात डब्यांच्या ब्रेकवर फिटर म्हणून नोकरी केली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गाडी दिसली की त्यांची नजर खिडक्यांकडे न जाता खाली चाकांकडे जाते. आत्याला सामान सांभाळायला सांगून आम्ही माटुंग्याच्या बाजूला चालत निघतो. फलाट संपून उतार सुरू होतो तिथे गर्दी विरळ होते. पहिला डबा फलाटाच्या थोडा पुढे गेलाय, त्यामुळे एरवी फलाटाआड लपणारी चाकं इथे उघडी दिसतात.

नाना बोट दाखवतात. चाक आणि रूळ जिथे टेकतात तिथे, त्या बेचक्यात, एक लाकडाचा ठोकळा बसवलेला आहे. त्रिकोणी, कठीण लाकडाचा, लाल रंग दिलेला. रंग कडांना उडालाय आणि तिथे लाकूड तेलाने काळं पडलंय. चाकाकडची बाजू सपाट नाही, चाकाच्या गोलाईप्रमाणे खोलगट तासलेली आहे, म्हणून ती चाकाला पूर्ण चिकटून बसते. खालची बाजू रुळाच्या डोक्यावर पसरलेली. पावसाचं पाणी चाकावरून ओघळतं, पाचरीवरून खाली येतं आणि खडीत जिरतं. पलीकडच्या रुळावर, त्याच आसाच्या दुसऱ्या चाकालाही अशीच पाचर आहे. परळच्या टोकाला, शेवटच्या डब्यालाही असणार. नाना म्हणतात, असलीच पाहिजे.

हे चाक नवं असताना 915 मिलिमीटर व्यासाचं असतं, म्हणजे लहान मुलाच्या छातीपर्यंत येणारं. रिकाम्या डब्याचं वजन चाळीस टनांच्या आसपास. ते आठ चाकांवर वाटलं तरी प्रत्येक चाकावर पाच टन. आणि एवढा भार घेऊन चाक रुळाला टेकतं ती जागा बोटाच्या नखाएवढी. लोखंडावर लोखंड, तेही गुळगुळीत. रेल्वे स्वस्तात माल ओढते ती याच गुणामुळे, आणि उभी गाडी कुणी न ढकलता चालू लागते तीही याच गुणामुळे.

"पण ब्रेक लागलेले असतात ना, नाना?"

"असतात. हवेचे."

नाना वाकून डब्याखाली बघतात आणि समजावतात. गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ब्रेकची नळी जाते. इंजिन तिच्यात हवा भरतं, दर चौरस सेंटिमीटरला पाच किलो दाबाने. हा दाब आहे तोवर ब्रेक सुटलेले. दाब उतरला की प्रत्येक डब्याच्या टाकीत साठवलेली हवा ब्रेकच्या सिलिंडरमध्ये घुसते आणि ब्रेक आवळला जातो. म्हणून गाडी मधेच तुटली, नळी फाटली, इंजिन सोडलं, तरी ब्रेक आपोआप लागतात. व्यवस्था उत्तम आहे, सव्वाशे-दीडशे वर्षं जगभर ती वापरली जातेय. पण ती चालत्या गाडीला थांबवण्यासाठी आहे. थांबलेल्या गाडीला तासन्‌तास धरून ठेवणं हे तिचं काम नव्हे.

"हवा म्हणजे पाहुणा बघ. बसलाय तोवर बसलाय. कधी उठून जाईल, घरच्याला पत्ता लागणार नाही."

रबरी वॉशर झिजलेला असतो, नळीचा सांधा किंचित सैल असतो, सिलिंडरमधून हवा हळूहळू झिरपते. एका डब्याचा ब्रेक तासाभरात ढिला पडेल, दुसऱ्याचा रात्रभर टिकेल. शिवाय शंटिंग करताना डबे सहज सरकावेत म्हणून कर्मचारी प्रत्येक डब्याची हवा हाताने सोडून देतात, तेव्हा तर ब्रेक नावाला उरत नाही. त्या घटकेला गाडी धरून ठेवणारं जे काही असतं त्यात हवा नसते, वीज नसते. लाकूड असतं, लोखंड असतं आणि माणसाचा हात असतो.

तेवढ्यात काटेवाला येतो. रेल्वेच्या कागदावर तो पॉइंटमन, पण नाना त्याला काटेवालाच म्हणतात. अंगावर रेनकोट, हातात टॉर्च, खांद्याला वॉकीटॉकी. आमच्याकडे एक नजर टाकून तो चाकापाशी उकिडवा बसतो. टॉर्चचा झोत पाचरीवर धरतो, तळहाताने ती चाकाकडे दाबून बघतो, मग उभा राहून बुटाच्या टाचेने एक ठोकर मारतो. पाचर हलत नाही. पलीकडे जाऊन दुसरी बघतो. वॉकीटॉकीवर दोन शब्द बोलतो. परळच्या टोकाहून कुणीतरी उत्तर देतं. सगळं मिळून मिनिटही लागत नाही.

"रूळ ओले आहेत," नाना म्हणतात, "म्हणून टाच मारून बघतोय. पाचर चाकाला भिडलेलीच हवी. मधे चार बोटं फट राहिली तर चाक तेवढं फिरणार, आणि फिरलेलं चाक पाचरीवर चढू शकतं. हिचं काम चाक हलण्याआधी. एकदा गाडीने वेग घेतला की या लाकडाचं चिपाड होईल."

मी फलाटाकडे बघतो. मला तो सरळसोट सपाट दिसतो. पण डोळ्याला दिसणारं सपाट आणि चाकाला जाणवणारं सपाट यात फरक आहे. आपल्याकडे स्टेशनच्या हद्दीत रुळांना 400 ला 1 यापेक्षा जास्त उतार नसावा असा दंडक आहे आणि शक्य तिथे 1200 ला 1 इतकाच ठेवावा अशी शिफारस. 400 ला 1 म्हणजे शंभर मीटर चालल्यावर पंचवीस सेंटिमीटर खाली. माणसाच्या पायाला कळणारही नाही. पण वीस डब्यांची गाडी जवळजवळ अर्धा किलोमीटर लांब असते. अशा उतारावर तिचं एक टोक दुसऱ्यापेक्षा सव्वा मीटर खाली असतं. प्रवाशांसह गाडीचं वजन नऊशे टन धरलं तर तिला उताराकडे ओढणारा जोर सव्वादोन टनांच्या घरात जातो. पूर्वीच्या साध्या बेअरिंगच्या डब्यांना हलवायलाच ताकद लागायची. आताची रोलर बेअरिंग इतकी हलकी फिरतात की एवढा जोर पुरतो.

हे कागदावरचं गणित नाही. 7 एप्रिल 2018 ची रात्र. अहमदाबाद–पुरी एक्सप्रेस ओडिशातल्या तितलागढ स्टेशनात इंजिन बदलायला थांबली होती. इंजिन एका टोकाहून काढून दुसऱ्या टोकाला लावायचं होतं. मधल्या वेळात चाकांखाली स्किड, म्हणजे लोखंडी अडसर, लावलेले नव्हते. बावीस डबे, आत माणसं, आणि गाडी इंजिनाशिवाय चालू लागली. केसिंगाच्या दिशेने दहा किलोमीटरहून जास्त अंतर ती गेली. रुळांवर दगड ठेवून तिला थांबवलं तेव्हा कुणाला इजा झालेली नव्हती, हे त्या रात्रीचं नशीब. समोरून दुसरी गाडी येत असती तर आज तितलागढचं नाव आपण वेगळ्या कारणाने घेत असतो.

आज दादरला जी स्थिती आहे तीच तिथे होती. इंजिन नसलेली गाडी, वाट बघणारी माणसं. फरक या लाल ठोकळ्यांचा.

त्याआधी काही महिने, नोव्हेंबर 2017 मध्ये, सोलापूरच्या पुढे वाडी जंक्शनला मुंबईकडे येणाऱ्या गाडीचं इंजिन बदलताना सुटं झालेलं एकटं इंजिनच निघून गेलं होतं. रेल्वेच्या माणसांनी मोटारसायकलवरून त्याचा पाठलाग केला आणि तेरा किलोमीटरवर ते पकडलं. आणि 25 फेब्रुवारी 2024 ला जम्मूच्या कठुआ स्टेशनातून खडी भरलेली 53 वाघिणींची मालगाडी चालकाशिवाय सुटली. सत्तर किलोमीटरच्या वर, पंजाबात होशियारपूर जिल्ह्यातल्या उच्ची बस्सीपर्यंत ती धावली. वाटेतली फाटकं बंद करावी लागली, स्टेशनं मोकळी करावी लागली. शेवटी रुळांवर लाकडाचे ठोकळे आणि वाळूची पोती टाकून ती थांबवली. हँडब्रेक आवळून, चाकांना पाचर लावून मग इंजिनातून उतरायचं, एवढं झालं असतं तर सकाळची झोप कुणाची मोडली नसती.

कॅनडातल्या लॅक-मेगँटिकला असं नशीब लाभलं नाही. 5 जुलै 2013 च्या रात्री गावाजवळच्या उतारावर कच्च्या तेलाच्या 72 टाक्यांची गाडी उभी केली होती. तिचे हँडब्रेक लावले होते, पण फक्त सात. बाकीचा भार इंजिनाच्या हवेवर. इंजिनाला आग लागली, ती विझवताना इंजिन बंद केलं गेलं, हवा गळत गेली आणि गाडी गावात घुसली. 47 माणसं गेली. सात हँडब्रेक अपुरे ठरले. ही शोकांतिका वाचली तेव्हापासून मला उभ्या गाडीकडे बघताना तिचे डबे मोजायची सवय लागली आहे.

"आमच्या वेळी साहेब एकच विचारायचे," नाना सांगतात. "किती लावले? लावले का, असं नाही विचारायचे. किती, ते सांग."

पाचर हा एक प्रकार झाला. दुसरा स्किड, लोखंडी, चपलेसारखा, पुढे पातळ जीभ असलेला. ती जीभ रुळावर पसरवून ठेवतात. चाक तिच्यावर चढलं की फिरायचं थांबतं आणि स्किडसकट घासत जाऊन उभं राहतं. डबे बराच काळ उभे ठेवायचे असले तर साखळी येते. ती गाडीला आणि रुळाला मिळून आवळायची, कुलूप लावायचं आणि किल्ली स्टेशन मास्तरकडे द्यायची, वहीत नोंद करून. मालगाडीच्या वाघिणीला बाजूला हँडब्रेकचं चाक असतं, हाताने फिरवायचं. गार्डच्या डब्यातही तसं चाक असतं. यातलं काहीच आधुनिक नाही, आणि यातल्या कशालाच हवा लागत नाही.

एवढं करूनही डबे सुटलेच तर त्यांनी मुख्य मार्गावर येऊ नये म्हणून सायडिंगच्या तोंडाशी रूळच तोडलेला असतो. काटा मुद्दाम असा लावलेला असतो की सुटलेला डबा रुळावरून खाली उतरावा, नाहीतर वाळूच्या ढिगाऱ्यात जाऊन रुतावा. एक डबा घसरलेला परवडतो, लोकलच्या मार्गात शिरलेला परवडत नाही. दादरसारख्या ठिकाणी, जिथे दोन-दोन, तीन-तीन मिनिटांनी लोकल जाते, हे वेगळं सांगायला नको.

पुण्याकडे जाणाऱ्यांनी याचंच मोठं रूप बोरघाटात पाहिलेलं असतं, भले लक्ष गेलं नसेल. तिथे 37 ला 1 इतका उतार आहे. पुण्याहून मुंबईकडे उतरताना गाडी मंकी हिल, ठाकूरवाडी इथे थांबते. फलाटावर चहा मिळावा म्हणून ती थांबत नाही. पुढचा काटा नेहमी कॅच सायडिंगकडे, म्हणजे डोंगराच्या अंगावर चढत जाणाऱ्या आडवाटेकडे लावलेला असतो. गाडी थांबली, म्हणजे ब्रेक शाबूत आहेत हे सिद्ध झालं, की मगच काटा फिरवून तिला मुख्य वाट देतात. ब्रेक निकामी असलेली गाडी आपोआप त्या चढावर चढून दमून थांबावी, अशी ही योजना. या घाटात 1869 मध्ये ब्रेक न लागल्याने एक गाडी रिव्हर्सिंग स्टेशनाचं, म्हणजे गाड्या जिथे दिशा उलटी करायच्या त्या स्टेशनाचं, टोक ओलांडून गेली होती, तेव्हापासूनचं शहाणपण त्या काट्यांत मुरलेलं आहे. आज आत्याची गाडी त्या घाटातून जाणार नाही, ती दिव्याहून पनवेलला वळेल. पण नियम सगळीकडचा एकच आहे. थांबली असं समजू नये, थांबवून ठेवली याची खात्री करावी.

माटुंग्याच्या बाजूला दिवा दिसतो. इंजिन येतंय. फलाटावर एकदम गलका होतो, लोक सामान उचलतात. काटेवाला रुळाच्या बाजूला उभा राहून टॉर्च हलवतो. गाडीपासून वीसेक मीटर अलीकडे इंजिन पूर्ण थांबतं. तिथे थांबायचं आणि मगच मुंगीच्या पावलांनी पुढे यायचं, हा नियम आहे. इंजिन सरकत सरकत येतं, कपलिंग कपलिंगमध्ये शिरतं, खट्‌ असा दणका बसतो आणि तो एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जात लांबवर विरतो. त्या दणक्याने चाक पाचरीत रुतलेलं मला दिसतं. कागद सरकेल इतकंही ते मागे हटलं नाही.

मला वाटतं, आता पाचर निघेल. काटेवाला तिच्याकडे बघतही नाही. तो दोन डब्यांच्या मधल्या जागेत शिरतो, नळ्या जोडतो, कॉक उघडतो. हवा फुसफुसत गाडीत शिरते. नाना घड्याळात बघतात. एवढ्या लांब गाडीत हवा भरायला वेळ लागतो. शेवटच्या डब्यात गार्ड, ज्यांना 2022 पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, आपल्या काट्यावर दाब चढताना बघत असणार. मग इंजिनातून दाब उतरवला जातो. डब्याखाली ब्रेक आवळल्याचा आवाज येतो. पुन्हा दाब चढतो, ब्रेक सुटतात. शेवटच्या डब्यापर्यंत हवा पोचतेय आणि शेवटच्या डब्याचाही ब्रेक लागतोय, हे दोन्ही टोकांनी एकमेकांना सांगितल्यावर वॉकीटॉकी खरखरतो.

आणि आता काटेवाला उकिडवा बसतो. हातोडीचा एक हलका ठोका मागून देतो, पाचर सुटते. ती काखेत. पलीकडे जाऊन दुसरी. ती दुसऱ्या काखेत. वॉकीटॉकीवर तो आकडा सांगतो. परळच्या टोकाहून तिकडचा आकडा येतो.

आकडा का सांगायचा, हे नानांनी न विचारता सांगितलं. पाचर लावायला विसरणं हा जसा गुन्हा, तशी काढायला विसरणं हाही गुन्हाच. इंजिनाने ओढ घेतली आणि चाकाखाली ठोकळा राहिला तर चाक त्याच्यावर चढतं आणि पलीकडे रुळावर उतरेल याची खात्री नाही. फलाटावरच डबा घसरू शकतो. म्हणून क्रम ठरलेला आहे आणि तो उलटा करायचा नाही. इंजिन सोडण्याआधी पाचर. इंजिन जोडून, ब्रेक तपासून झाल्यावर पाचर काढायची. जितक्या लावल्या तितक्या परत आणायच्या. मध्ये एक क्षणही असा असता कामा नये की गाडी कुणाच्याच हातात नाही.

एवढ्या साध्या गोष्टीला एवढा नियम कशाला, असं कुणी म्हणेल. माझं मत विचाराल तर साध्या गोष्टीलाच नियम जास्त हवा. महागडं यंत्र बिघडलं तर दिवा लागतो, घंटा वाजते. चाकाखाली लाकूड नसेल तर काहीच वाजत नाही. तिथे फक्त एका माणसाचं लक्ष असतं. पावसात, मध्यरात्री, गर्दीच्या हंगामात, एकामागून एक गाड्या करताना ते लक्ष शाबूत राहायला हवं. त्यासाठी त्याला पुरेशी झोप हवी, जोडीला माणूस हवा, हातात चांगला टॉर्च हवा. रेल्वेच्या सुरक्षेवर बोलताना आपण नव्या सिग्नलवर, नव्या डब्यांवर, वेगावर तासभर बोलतो. काटेवाल्याच्या रात्रपाळीवर कुणी बोलत नाही. ते बोललं गेलं पाहिजे, आणि खर्चाच्या हिशेबात त्याचा आकडा दिसला पाहिजे.

आम्ही परत येतो तोवर दारं उघडली आहेत. आत्याला खिडकीची जागा मिळालीय. ती मखर वरच्या बर्थवर आडवं ठेवायला लावते, मग पुन्हा उभं करायला लावते. भजनी मंडळाने आत शिरताच टाळ काढलेत. पलीकडच्या रुळांवरून शेवटच्या लोकलपैकी एक धडधडत जाते.

याच गडबडीत एक तरुण पाठीवर सॅक घेऊन पलीकडच्या फलाटावर जायला दोन डब्यांच्या मधून उतरायला बघतो. पूल लांब आहे, पाऊस आहे, गाडी तर उभीच आहे. नाना त्याचा दंड धरून त्याला मागे खेचतात. तो चिडतो. नाना हात सोडत नाहीत. क्षणभराने तोच मान खाली घालून पुलाच्या जिन्याकडे वळतो.

गणपतीसाठी, होळीसाठी, मे महिन्यात गावी जाणाऱ्या सगळ्यांना एक विनंती. फलाटाला लागलेल्या गाडीला इंजिन दिसत नसेल तरी तिच्या डब्यांमधून किंवा कपलिंगखालून पलीकडे जाऊ नका, मुलांनाही जाऊ देऊ नका. आणि रुळावर चाकाला टेकवलेला लाकडाचा ठोकळा किंवा लोखंडी स्किड दिसला तर त्याला पायसुद्धा लावू नका. तो पडून राहिलेला नसतो. कुणीतरी मोजून ठेवलेला असतो, आणि तो काढण्याचा अधिकारही त्याचाच असतो.